सात शेतांवर फिरलेलं झाकण

आमच्या नेदरबर्गला शहाणे लोक ऑक्टोबरात येतात. म्हणजे नेमके त्या महिन्यात, जेव्हा मका शेतात उभा असतो, पाऊस डोक्यावर असतो आणि माणसाला दाढी करायलाही सवड नसते. विद्यापीठाची पांढरी व्हॅन येते, तिच्यातून स्वच्छ बुटांची माणसं उतरतात आणि आम्हालाच विचारतात, की तुमच्या शेतांवर माणसं लुळीपांगळी का होतात. फेब्रुवारीत आले असते तर निवांत बसून सांगितलं असतं. पण फेब्रुवारीत आयोवात थंडी असते, आणि प्रोफेसरांना तेव्हा कुठेतरी समुद्रकाठी परिषद असते.

मी एल्विन रूलोफ्स. गावातल्या शेतीअवजारांच्या दुकानात पार्ट्सच्या काउंटरवर एकतीस वर्षं उभा आहे. कुणाचं काय मोडलं, कुणी नवं घेतलं आणि कुणी तारेनं बांधून हंगाम काढला, हे मला पाद्र्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. या काउंटरवरून मी पट्टे आणि बेअरिंगं किती विकली त्याची गणती नाही. झाकणं विकली चार.

झाकण म्हणजे काय ते आधीच सांगतो. ट्रॅक्टरच्या पाठीमागे एक दांडा फिरतो, पीटीओचा. कोठीत मका चढवायचा लांब नळा त्याच्यावरच चालतो. मिनिटाला पाचशे चाळीस फेरे. दांडा ट्रॅक्टरला जिथे जोडतात तो सांधा उघडा असतो, म्हणून त्याच्यावर कारखान्यातून एक वाकवलेला जाड पत्रा येतो, चार बोल्टांवर बसवलेला. तेच झाकण. त्या सांध्यात बाही किंवा दोरी सापडली तर माणूस ओरडायच्या आत हात गेलेला असतो. हे आमच्यातल्या पोराटोरांनाही माहीत आहे. तरीही ट्रॅक्टर घरी आला की पहिलं काम म्हणजे झाकण काढायचं. दांडा जोडताना हात नीट जात नाही म्हणे. मग ते वर्षभर शेडच्या खिळ्याला लटकतं, पुढे त्यात कोंबड्या पाणी पितात, आणि शेवटी गंजून भंगारात जातं. झाकण लावून फिरणारा माणूस आमच्याकडे जरा बायल्या समजतात. मीही समजायचो.

अख्ख्या पंचक्रोशीत एकाच ट्रॅक्टरवर झाकण शाबूत होतं. माझ्या धाकट्या भावाच्या, डेल्मरच्या. ते त्याच्या शहाणपणामुळे नव्हे, त्याच्या बायकोमुळे. आर्लिसचा बाप एका हाताचा होता. दुसरा हात मक्याच्या यंत्रानं खाल्ला, तेव्हा आर्लिस सात वर्षांची होती. तेव्हापासून तो मरेपर्यंत त्याच्या शर्टाची बटणं तिनं लावली, बुटांच्या नाड्या तिनं बांधल्या, ताटातलं मांस तिनं कापून दिलं. डेल्मरशी लग्न करताना तिनं एकच अट घातली होती, की झाकण निघणार नाही. त्यानं शब्द दिला. त्याच उन्हाळ्यात तिनं पांढऱ्या ऑइलपेंटनं झाकणाच्या आतल्या बाजूला लिहिलं: 'जेवायला दोन्ही हात घेऊन ये.' आतल्या बाजूला अशासाठी, की लोकांनी हसू नये. मी तरी हसलोच. सव्वीस वर्षं हसलो.

तर यंदाचं वरातीमागून घोडं असं आलं. सोमवारी सकाळी सहाला आम्ही नेहमीप्रमाणे कॉफीला जमलो होतो. टेबलाचा राजा गेरिट हाफरहाल्स. साठीला आलेला, आडवातिडवा, चर्चच्या प्रत्येक कमिटीवर असलेला आणि एकदाही चूक न कबूल केलेला. त्याच्या हातात विद्यापीठाचं पत्र होतं. पाच देशांतले पाच डॉक्टर येणार होते. शेतातले अपघात कसे टाळावेत यावर संशोधन कसं करायचं, हे त्यांना इथे शिकवणार होते. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून आमच्यातली आठ शेतं निवडली होती. मंगळवार ते गुरुवार सात आणि शुक्रवारी शेवटचं, डेल्मरचं.

पत्रात भिण्यासारखं एक अक्षर नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं. कुणीतरी म्हणालं, हे कागद विमा कंपनीकडे जातात. दुसऱ्यानं ते आपल्या मेव्हण्याकडून ऐकलं होतं. पाच मिनिटांत ती खबर देवाच्या वचनाइतकी पक्की झाली. गेरिटनं मला विचारलं, दुकानात झाकणं किती आहेत. मी म्हणालो, एकही नाही, मागवली तर तीन आठवडे लागतील. सात धडधाकट शेतकरी, आणि एका पत्र्यापायी पडलेली सात तोंडं. मला मजा वाटली आणि त्या मजेतच मी बोलून गेलो, "डेल्मरकडे आहे की एक."

आता आमच्याकडे उसनवारीला कुणी नाही म्हणत नाही. शिडी, पेरणीयंत्र, वळू, सगळं फिरत असतं. चर्चच्या जेवणाला बायका पदार्थ घेऊन येतात त्या भांड्यांच्या तळाला नावाची पट्टी चिकटवलेली असते, म्हणजे कुणाचं भांडं कुणाकडे ते कळावं. या एका गुणाबद्दल आम्हाला स्वतःचा फार अभिमान आहे. अर्ध्या गावाचे ट्रॅक्टर एकाच साच्याचे हिरवे, कारण ते सगळे आमच्याच दुकानातून गेले. एक झाकण सगळ्यांना बसणार. व्हॅनच्या आधी ते शेतावर पोचवायचं, दहा मिनिटांत चार बोल्ट पिळायचे, व्हॅन गेली की काढून पुढच्या शेतावर. दुकानाची गाडी घेऊन मी तसाही दिवसभर फिरत असतो. आणि व्हॅनचं वेळापत्रक? ते प्रोफेसरसाहेबांनी स्वतःच्या हातानं माझ्या काउंटरवर ठेवलं होतं, भिंतीवर लावा म्हणून. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यानं आपलं वेळापत्रकच शेळ्यांच्या हातात दिलं होतं.

डेल्मरला पटवायला फार वेळ लागला नाही. त्याच्या हार्वेस्टरचं बेअरिंग शनिवारीच फुटलं होतं, नवं मीच मागवलं होतं, ते येईपर्यंत त्याचा मका कापला जाणार नव्हता. मका नाही तर नळा नाही, नळा नाही तर ट्रॅक्टर उभाच. तो एवढंच म्हणाला, की आर्लिसला सांगू नकोस. मी म्हणालो, शुक्रवारी सकाळी जागच्या जागी असेल, तिला वासही लागणार नाही.

मंगळवार आणि बुधवार मी आयुष्यात हसलो नाही इतका हसलो. मी पुढे, व्हॅन मागे. प्रोफेसर स्ट्रॅटन म्हणजे उंच, देखणा माणूस, ज्याच्या तोंडून 'समुदाय' हा शब्द मिनिटाला दोनदा यायचा. तो ट्रॅक्टरपासून चार पावलं लांब उभा राहायचा, झाकण दिसलं की हातातल्या टॅब्लेटवर बोट टेकवायचा आणि आपल्या विद्यार्थ्यांना सांगायचा, की बघा, जागरूकता वाढली की असा फरक पडतो. ते बिचारे लिहून घ्यायचे. कुठल्या कुठल्या देशांतून समुद्र ओलांडून आलेले डॉक्टर, घरी तुटलेली माणसं शिवून शिवून थकलेले, आणि इथे आमचं सोंग वहीत उतरवून घेत होते. फॉर्ममध्ये चौऱ्याण्णव प्रश्न होते. त्यातला एक असा, की आपल्या शेतावर आपल्याला किती सुरक्षित वाटतं, एक ते दहांत सांगा. आमच्याकडे दहा कुणी सांगत नाही, तो गर्व झाला. एक कुणी सांगत नाही, ती तक्रार झाली. सातही जणांनी सात सांगितलं. प्रोफेसरांना त्यात मोठा अर्थ सापडला.

त्या पाचांत एक बाई होती, व्हिओरिका नावाची, मोल्दोवातल्या कुठल्याशा खेड्यातल्या दवाखान्यातली. चाळिशीची, बुटकी, रबरी बूट घातलेली. नाव जिभेवर बसेना म्हणून गेरिटनं तिला 'विकी' करून टाकलं. बाकीचे प्रोफेसरांच्या बाजूला उभे राहायचे आणि ही मात्र ट्रॅक्टरजवळ जाऊन चिखलात उकिडवी बसायची, कधी सरळ पाठीवर झोपून खालून बघायची. गेरिटची बायको म्हणाली, या बाईला घरी कुणी वळण लावलं नाही का. मी त्यावरही हसलो.

गुरुवारी सकाळी अकराला बेअरिंग आलं. डेल्मर ते घ्यायला काउंटरवर आला. खोकं उघडून त्यानं बेअरिंग फिरवून बघितलं, खिशात रुमाल कोंबला आणि हळूच विचारलं, झाकण कधी मिळेल. मी म्हणालो, गेरिटकडे आहे, सातवं शेत, दुपारपर्यंत व्हॅन जाईल, संध्याकाळी आणून देतो. तो म्हणाला, मग नळा संध्याकाळीच चालवतो. आकाश पश्चिमेला काळं होत होतं. काउंटरवर आणखी तिघं होते आणि मला त्यांच्यासमोर बोलायची हौस.

"उद्यापासून तीन दिवस पाऊस आहे," मी म्हणालो. "आपल्या बापानं जन्मात झाकण लावलं नाही, त्याचे दोन्ही हात शवपेटीत त्याच्याबरोबर गेले. तू असं कर, घरी जाऊन आर्लिसला विचार, आज शेतात जाऊ का म्हणून."

तिघंही हसले. डेल्मर हसला नाही. त्याचे कान लाल झाले, लहानपणी व्हायचे तसे. त्यानं बेअरिंग उचललं आणि गेला. रिकामं खोकं काउंटरवरच राहिलं.

दोन वाजता व्हिओरिका एकटी आली. व्हॅन पलीकडे हॉटेलासमोर उभी होती, प्रोफेसर आत मंडळींना घेऊन जेवत होते. तिनं फोन काउंटरवर ठेवला आणि एकामागून एक फोटो दाखवले. सगळे खालून काढलेले. सात ट्रॅक्टर, सात झाकणं आणि सातही झाकणांच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगात तेच वाक्य.

"हे झाकण कुणाचं आहे?" तिनं विचारलं.

"कारखान्याचं."

"सात घरच्या बायकांनी एकाच अक्षरात एकच गोष्ट लिहिलीय."

"आमच्याकडे सगळ्या बायका एकाच शाळेत गेल्यात," मी म्हणालो.

तिला हसू आलं नाही, रागही आला नाही. ती म्हणाली, डॉक्टर होण्याआधी ती एका खेड्यात शाळामास्तरीण होती. तपासनीस यायचा तेव्हा नऊ शाळांत मिळून आग विझवायचं लाल नळकांडं एकच होतं. तिनं स्वतः ते मांडीवर घेऊन गाडीतून शाळाशाळांवर पोचवलं होतं. तेव्हा तिलाही फार हसू आलं होतं म्हणे.

"मला तुम्हाला पकडायचं नाही," ती म्हणाली. "कागदावर काय लिहायचं ते मी नंतर बघीन. मला एवढंच सांगा. हे झाकण इकडे फिरतंय, म्हणजे ज्याचं आहे त्याचा ट्रॅक्टर आत्ता उघडा पडलाय. तो आज चालणार आहे का?"

तीन दिवसांत चौऱ्याण्णव प्रश्न सात वेळा विचारून झाले होते. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मलासुद्धा पडला नव्हता. तिच्या नि माझ्या मध्ये बेअरिंगचं रिकामं खोकं पडलेलं होतं. खरं सांगायला एक वाक्य लागलं असतं. गेरिटचं शेत दुकानापासून चार मैलांवर, तिथून डेल्मरचं आणखी चार. व्हॅन दीडलाच तिथून निघाली होती, म्हणजे झाकण तिथे आता नुसतंच बसलं होतं. अर्ध्या तासाचं काम. पण एका परदेशी बाईनं, चिखल लागलेल्या पाठीच्या बाईनं मला माझ्याच काउंटरवर पकडावं, हे मला सोसेना.

"तो ट्रॅक्टर बंद आहे," मी म्हणालो. "हार्वेस्टर मोडलंय त्याचं."

फोन उचलून ती म्हणाली, "बरं. तुमच्यावर विश्वास ठेवते." ती गेल्यावर मी दुकानातल्या पोरांना तिच्या बोलण्याची नक्कल करून दाखवली. चांगली वठली. सगळे पोट धरून हसले. मग मी कॉफी घेतली, एक डोनट खाल्ला, आणि गेरिटकडे सहानंतर जाऊ असं ठरवलं, कारण त्याची बायको त्या वेळी सफरचंदाचा गोड ‘ॲपल पाय’ कापते.

चार वाजून वीस मिनिटांनी नगरभवनावरचा अपघाताचा भोंगा वाजला.

डेल्मरनं बेअरिंग दीडपर्यंत बसवलं होतं आणि चारला मक्याची पहिली गाडी कोठीशी आणली होती. नळा चालू होता. ट्रॅक्टरचा वेग कमी करायला त्यानं पाठीमागून दांड्यावरून हात लांबवला. सव्वीस वर्षं तो तसाच हात लांबवत आला होता, कारण खाली झाकण असायचं. उघड्या ट्रॅक्टरवर काम करणारे निदान घाबरून वागतात. त्याला त्याची सवयच नव्हती. आम्ही त्याचं झाकण नेलं, पण झाकणाची सवय त्याच्याकडेच राहिली. उजवा हात कोपराच्या खालून गेला. आर्लिसनं इंजिन बंद केलं, आपल्या कमरेचा पट्टा काढून दंडाला आवळला आणि मदत येईपर्यंत दातांनी धरून ठेवला. हे तिला कुणी विद्यापीठात शिकवलं नव्हतं.

दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तो शुद्धीवर आला तेव्हा खोलीत आम्ही दोघंच होतो. मी काही बोलायच्या आत तोच बोलला. "आर्लिसला वाटतंय मीच काढलं झाकण. वाटू दे. तिला तुझं नाव कळलं तर ती तुझं तोंड बघायची नाही." मी मान हलवली. मान हलवण्यात मी कायमच हुशार. गेरिटनं ते झाकण शुक्रवारी पहाटेच आणून, धुऊनपुसून जागच्या जागी बसवलं होतं. चारही बोल्ट घट्ट. आर्लिसनं ते बघितलं असेल तर तिनं काय समजून घेतलं असेल देव जाणे. नवऱ्याशी ती बोलणं सोडून सगळं करत होती.

पुढच्या बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये प्रोफेसरांनी निष्कर्ष सांगितले. पडद्यावर हिरवा गोल. तपासलेल्या सात शेतांपैकी सात ट्रॅक्टरांवर झाकण, शंभर टक्के. आठवं शेत 'अपूर्ण माहिती'मुळे वगळलं होतं. तिथे एका माणसाचा हात गेला होता, म्हणून माहिती अपूर्ण राहिली. व्हिओरिका उभी राहिली आणि म्हणाली, की तिच्या मोजणीत झाकणं सात नाहीत, एक आहे. प्रोफेसर हसून म्हणाले, की परक्या भाषेत काम करताना असे गोंधळ होतात, आणि म्हणूनच असं प्रशिक्षण गरजेचं आहे. मग त्यांनी पाचही जणांना प्रमाणपत्रं वाटली. तिनं आपलं घेतलं, दुमडून खिशात घातलं आणि दाराकडे जाताना माझ्याजवळ थांबली. मला वाटलं काहीतरी बोलेल. ती नुसती थांबली आणि गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शनिवारी ऊन पडलं आणि आमच्या गावानं आपला आवडता सण साजरा केला. माणूस पडला की त्याचं पीक सगळ्यांनी मिळून काढायचं, ही आमची रीत. सकाळी आठला डेल्मरच्या बांधावर अकरा हार्वेस्टर रांगेत उभे. पेपरवाला शिडीवर चढून फोटो घेत होता. पाद्र्यानं प्रार्थना म्हटली. शेडमध्ये हॅम, दुधातले बटाटे, चौदा प्रकारचे गोड ‘पाय’. सातही उसनवारे हजर, त्यांच्या डोळ्यांत पाणी, पाठीवर एकमेकांच्या थापा. बैल गेला अन् झोपा केला. आणि झोपा बांधताना किती ते गाणं, किती तो थाट. चार बोल्ट पिळायला ज्यांना सव्वीस वर्षांत वेळ झाला नाही, त्यांना दोन दिवसांचं डिझेल जाळायला वेळ होता. मला त्यांची किळस आली. माझ्याही पाठीवर थाप पडत होती आणि मी ती घेत होतो.

जेवायच्या वेळी डेल्मरला खुर्चीत आणून बसवलं. शर्टाची उजवी बाही पिन लावून दुमडलेली. आर्लिस त्याच्या बाजूला बसली, ताट पुढ्यात ओढलं आणि हॅम कापायला लागली. त्याच्याकडे बघितलं नाही. सुरी आडवी, उभी, पुन्हा आडवी, भराभर, सगळे तुकडे एका मापाचे. सात वर्षांची असताना शिकलेलं काम, चाळीस वर्षांत हात विसरला नव्हता.

तेवढ्यात कोठीच्या बाजूनं पान्याचा आवाज आला. मी उठून गेलो. डेल्मरच्या ट्रॅक्टरमागे गेरिट वाकला होता, दोन बोल्ट काढून झाले होते, तिसऱ्यावर पाना होता.

"काय करतोयस?"

"नळा जोडायचाय. या झाकणात हात जात नाही. तासाभरानं परत लावतो."

"राहू दे ते."

"अरे, आम्ही इथे मदतीला आलोय ना?"

"गेरिट, झाकण राहू दे म्हणतो."

तो सरळ झाला आणि त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की याला ऊन लागलं असावं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा मोकळ्या आवाजात म्हणाला, "कमाल आहे. तीन दिवस हेच झाकण काढत आणि लावत गावभर कोण फिरत होतं? मी?"

मी वळून बघितलं. आर्लिसच्या हातातली सुरी थांबली होती. डेल्मरनं मान खाली घातली होती.

"काय म्हणाला तो?" तिनं विचारलं. मला नाही, डेल्मरला. नऊ दिवसांनी पहिल्यांदा त्याच्याशी बोलली.

"जाऊ दे," डेल्मर म्हणाला.

मग मी सांगितलं. तिथेच, ताटांच्या आणि पदार्थांच्या मध्ये उभं राहून. की झाकण त्यानं काढलं नव्हतं, मी मागून नेलं होतं, सात शेतांवर फिरवलं होतं. की तो संध्याकाळपर्यंत थांबणार होता, आणि बायकोला विचार म्हणून मी त्याला चार लोकांत डिवचलं होतं. आणि दोन वाजता त्या मोल्दोवाच्या बाईनं मला विचारलं होतं, की हा ट्रॅक्टर आज चालणार आहे का, आणि मी नाही म्हणून सांगितलं होतं. झाकण तेव्हा गेरिटकडे रिकामं पडलं होतं, हेही सांगितलं. सांगून झाल्यावर हलकं वाटतं म्हणतात. खोटं आहे ते.

कुणी माझ्याकडे बघेना. गेरिटनं पाना खिशात घातला आणि म्हणाला, मका वाट बघत नाही. त्यानं डेल्मरचा ट्रॅक्टर तसाच सोडला, स्वतःचा आणून नळ्याला जोडला आणि चालू केला. त्याच्यावर झाकण नव्हतंच. पाद्र्यासकट सगळे उघडा दांडा ओलांडून इकडून तिकडे जायला लागले. पेपरवाल्यानं त्याचाही फोटो घेतला.

आर्लिस उठली. मला वाटलं, आता मारेल. तिनं मारावं असं मला फार वाटत होतं. तिनं डेल्मरच्या खांद्यावर हात ठेवला, बराच वेळ तसाच ठेवला. मग सुरी उलटी धरून मूठ माझ्यापुढे केली.

"काप," ती म्हणाली. "दुपारी बारा आणि संध्याकाळी सहा. रोज यायचं."

मी खुर्ची ओढून भावाजवळ बसलो. एका हातानं हॅम धरलं, दुसऱ्यानं सुरी. पहिला तुकडा फार मोठा झाला. डेल्मरनं डाव्या हातात काटा धरून तो उचलायचा प्रयत्न केला, तो ताटात पडला.

"बारीक काप," तो म्हणाला.

मी बारीक कापलं.